पुण्याची जागा

हसणार असाल तर आधी चहा संपवा, नाहीतर अंगावर सांडेल! असला घोळ अख्ख्या बारामती तालुक्यात दुसऱ्या कुणी घातला नसेल.

गोष्ट पंचावन्न-छप्पन सालची. उसाच्या रोगांवर डॉक्टरेट मिळवून मी कोऱ्हाळ्याला घरी बसलो होतो. विद्यापीठात संशोधनाची जागा मिळावी म्हणून सगळीकडे अर्ज टाकले होते. तोवर काय करायचं? पोस्टमनची वाट बघायची आणि गावाच्या म्हशी तपासायच्या. डॉक्टर ना मी!

एके दिवशी माझे चुलते, तात्या, सायकलवरून धापा टाकत आले.

"आरं, पुण्याची जागा आलीया तुझ्यासाठी! विद्यापीठात परफेसर हायती. इंदापुरात पाव्हण्याकडं उतरल्यात. तुला बघायचं म्हणत्यात. ऊठ!"

मी प्रबंध काखेत मारला आणि तात्यांबरोबर एसटीत चढलो. ही जागा हुकली तर उरलेला जन्म म्हशींचाच!

प्रोफेसर लोडाला टेकून बसले होते.

"याआधी कुठं जमलं होतं का?" त्यांनी विचारलं.

"हो सर, मुंबईला एक होती. पण ती तात्पुरती. मुदत संपली, सोडून दिली."

प्रोफेसरांनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी आढ्याकडे पाहिलं.

"सध्या आणखी कुठं बोलणी चालू आहेत?"

"बरीच! जिकडून आधी होकार येईल तिकडे जाणार."

"आणि आमच्याकडं जमलं तर?"

"आधी वर्षभर करून बघू, सर. नाही पटलं तर दोघंही मोकळे!"

आतल्या दारामागे बांगड्या किणकिणल्या. मी मनात म्हटलं, काय बाणेदार उत्तरं देतोय मी!

तेवढ्यात एक मुलगी पोहे घेऊन आली. प्रोफेसर म्हणाले, "ही आमची मालती. हिला काही विचारायचं असेल तर विचारा."

दुसरी उमेदवार! तीही सरांच्या घरातली! मी ताडकन उभा राहिलो.

"सर, हा अन्याय आहे! जागा एकच आहे ना? मग एक तर यांना ठेवा, नाहीतर मला!"

मालती पदर तोंडाशी धरून आत पळाली. हसताना काय गोड दिसली म्हणून सांगू!

तात्यांनी माझा सदरा ओढला. "गाढवा, बस खाली! नोकरीची न्हाय, लग्नाची जागा हाय ही!"

मेलो! मी त-त-प-प करत घोटाळा सांगितला. प्रोफेसर डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसले. मग त्यांनी माझा प्रबंध उघडला आणि बराच वेळ चाळत बसले. मी मात्र आतल्या दाराकडे बघत होतो. आता कुठले उसाचे रोग आणि कुठलं काय!

"काम चांगलं केलंय तुम्ही," अखेर ते म्हणाले. "आमच्या विभागात तुम्हाला जागा आहे. घरात मात्र नाही."

पुढच्या वर्षी मालतीच्या लग्नात जिलब्या कुणी वाढल्या माहितेय? मीच! साहेबांना नाही कसं म्हणणार? माझी जागा अजून तात्पुरतीच होती ना!