सातेरीचं नाव मी घेतलो

हे आजवर कुणाला बोललो न्हाई. आईला न्हाई, देवाला पण न्हाई — आमच्या जंगलात देव कुणाच्या पण अंगात येऊन बोलतोय, त्याचा काय भरोसा? तुला सांगतो. ऐक.

मला आवाज काढायला येतंय. गणेशगुडीला राफ्टिंगच्या कॅम्पवर मी बोटीवर असतो, खरं पोरं मला ओळखतात ते नकलांसाठी. फॉरेस्ट गार्ड, रामनगरच्या बसचा कंडक्टर, पाण्यात पडणारी बंगळूरची मॅडम — माणूस एकदा ऐकला की माझ्या गळ्यात बसला.

सातेरी माझा दोस्त. एकाच बोटीवरचा. त्याचा ताप जाईना, म्हणून तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात रक्त तपासायला दिला. रिपोर्ट आणायला एकटा जायला भ्याला. रिपोर्ट समजावून सांगणारे कौन्सिलर सर मला म्हटले, तू भायर बस. खरं सातेरी माझा हात सोडंना. "ऱ्हाऊ दे सर, हा माझाच हाय."

म्हणून मी आत.

एचआयव्ही निघाला. सर खाकरून, हळू, अर्धं कन्नड अर्धं मराठी बोलले — हे कायद्यानं गुपित, तुला विचारल्याबिगर मी कुणाला सांगणार न्हाई. खरं बायकोला कळायला पायजे, तिची पण तपासणी व्हायला पायजे. तू सांग. जमंना तर तिला घेऊन ये, मी बाजूला बसतो. तू सांगणारच न्हाईस असं दिसलं, तर कायदा मला सांगू देतो — ते पण तुला आधी कळवून. सातेरीनं रिपोर्टची घडी करून खिशात घातली. मग म्हटला, "सोमवारी घेऊन येतो."

आन मी काय करत होतो म्हाईत हाय? सरांचं ते खाकरणं ध्यानात ठेवत होतो.

दुसऱ्याच दिवशी दुपारी कॅम्पवर जेवत बसलेलो. सातेरी नदीवर. पोरं म्हटली, नवीन काय तरी काढ गा. कंडक्टर काढायचा होता की न्हाई? — मी दवाखान्यातला एचआयव्हीचा कौन्सिलर काढलो. खाकरलो. "घाबरू नको. गोळ्या चालू केल्या की माणूस जगतोय." पोरं लोळून हसली.

स्वैपाकी भीमाअण्णा तेवढा हसला न्हाई. "खरं ह्या माणसाला तू कुठं ऐकलास गा? तिकडं कशाला गेल्तास?"

हसणं थांबलं. शेजारच्या पोरानं आपलं ताट उचललं आन जरा लांब सरकला. एवढंच. त्या सरकण्याला मी भ्यालो. मामाला घेऊन गेल्तो, म्हणता आलं असतं. एवढ्या नकला करणारा मी — एक खोटं सुचू न्हये? तोंडातनं आलं, "मी न्हवं गा! सातेरी."

रेणुकाला, त्याच्या बायकोला, नळावर कळलं. भीमाअण्णाच्या बायकोनं "दवाखान्यातनं कळलं" म्हणून सांगितलं. पोरं पण गप्प — ती पण हसलेली न्हवं? माझं नाव कुठंच आलं न्हाई, आन मला — लाज सोडून सांगतो — बरं वाटलं.

सोमवार उजाडायच्या आत रेणुका खानापूरकडं माहेरी गेली. तिकडं तपासली, तिला काय न्हाई. जाताना सातेरीला एवढंच म्हटली, "तुम्ही सांगितला असता तर ऱ्हायले असते."

सातेरी दवाखान्यात जाऊन सरांवर वरडला. मी बाजूलाच उभा. "कायदा कायदा म्हटलास, आन माझा संसार मोडलास!" सरांनी एकदा माझ्याकडं बघितलं. त्या दिवशी खोलीत आम्ही तिघंच होतो, न्हवं? खरं म्हटले ते एवढंच — "मी न्हाई सांगितलं. राग माझ्यावर काढ, गोळ्या सोडू नको."

तवापासनं सातेरी त्या दवाखान्याची पायरी चढत न्हाई. गोळ्यांना बेळगावला जातो. बस चुकली, काम लागलं की मधी खंड पडतोय. वाळलाय. वल्हं मारताना दम लागतोय.

परवा बोट वर ओढून दोघंच बसलेलो. म्हटला, "दवाखान्यावर इश्वास ठेवलो, फसलो. तू तेवढा हायस गा. तू कुणाला बोलला न्हाईस."

मी व्हय म्हटलो.