भाऊसाहेबांची फ्रेंच गाडी कोणत्या बाजूने मोडली

‘चिखलीच्या एका मिस्त्रीने बसवलेल्या गावठी सांध्याने ऐन मतदानाच्या दिवशी घात केला. हे अज्ञानाने घडले की कोणाच्या सांगण्यावरून, हे त्या मिस्त्रीलाच ठाऊक. मोडलेला सांधा काढून मुंबईला पाठवण्यात आला. तो परत आला नाही आणि गाडीही पुन्हा कधी चालली नाही.’

अमडापूरच्या भाऊसाहेबांच्या जन्मशताब्दीनिमित्त त्यांच्या नातवाने काढलेल्या स्मरणिकेत ही वाक्ये छापलेली आहेत. नातू प्राध्यापक आहेत, भाषा बरी लिहितात. तो मिस्त्री मी. माझे नाव छापण्याचे त्यांनी टाळले आहे; पण त्या काळी आमच्या तालुक्यात फ्रेंच गाडीला हात लावणारा दुसरा कोणी नव्हता, तेव्हा नाव न छापताही ते छापले गेलेच. शिवाय मी मिस्त्री नव्हतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा घेऊन मी चिखलीत वर्कशॉप टाकले होते. पण हा मुद्दा मी सोडून देतो. आमच्याकडे जो गाडीखाली शिरतो तो मिस्त्री, मग त्याच्या भिंतीवर काहीही टांगलेले असो.

‘कोणाच्या सांगण्यावरून’ हे दोन शब्द मात्र मी सोडणार नाही. ते मी तारुण्यभर ऐकले आहेत.

प्रथम गाडी. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते. भाऊसाहेबांनी ही गाडी त्याआधीच हैदराबादकडच्या एका जहागीरदाराकडून घेतली होती. काळी, लांब, जमिनीला टेकलेली. पुढच्या जाळीवर उलट्या व्हीच्या आकाराच्या दोन पट्ट्या. तिचे वैशिष्ट्य असे, की तिची पुढची चाके तिला ओढत. त्या वेळच्या आपल्याकडच्या बहुतेक मोटारींत इंजिनाचे बळ मागच्या चाकांना जाई आणि ती गाडीला ढकलत. या गाडीचे बळ बंडीच्या बैलांसारखे पुढे होते. हे ज्याला कळले त्यालाच ती गाडी कळली.

आता सांधा म्हणजे काय ते सांगतो. ओढणाऱ्या पुढच्या चाकाला दोन कामे असतात: फिरणे आणि वळणे. त्याला फिरवणारा दांडा वळणावर वाकला पाहिजे, म्हणून त्या दांड्याला चाकापाशी मनगटासारखा सांधा असतो. उजव्या चाकाला एक, डाव्या चाकाला एक. वाचकांनी एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

गाडी माझ्याकडे आली तेव्हा तिचा उजवा सांधा बोलू लागला होता. वळणावर कट-कट असा आवाज येई. मी मुंबईच्या एका विक्रेत्याला लिहिले. उत्तर आले की परदेशी गाड्यांच्या सुट्या भागांचे आयात परवाने मिळत नाहीत, जुन्या मालातही हा भाग नाही, आपण गाडी विकण्याचा विचार करावा. भाऊसाहेबांनी ते पत्र माझ्यासमोर फाडले.

‘विकायची असती तं तुह्याकडे काऊन आणली असती?’ ते म्हणाले.

तिचे काम करणे हीही एक परीक्षा होती. आमचे सगळे पाने इंचांचे आणि गाडीचे नट मिलिमीटरचे. सरकार त्या दिवसांत शेराचा किलो करण्याच्या खटपटीत होते. ही बिचारी जन्मापासून मेट्रिक होती. मी पाने घासून घासून तिच्या मापाचे केले. सांध्यासाठी खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचे वर्कशॉप गाठले, कारण मोठा लेथ तिथेच होता. मोडलेल्या लॉरीच्या ॲक्सलचे पोलाद घेतले, कारण इतके चिवट पोलाद आपल्याकडे दुसरीकडे सहसा मिळत नसे. त्यातून भाग कातले, हाडांच्या कोळशात पुरून भट्टीत लाल केले आणि तेलात विझवले. असे केल्याने पोलादाची साल कडक होते आणि गाभा चिवट राहतो. शेवटी पंच ठोकून त्यावर तीन ठिपके उमटवले. माझ्या हातच्या प्रत्येक घडणीवर मी ते उमटवत असे. वाईट निघाले तर लोकांनी माझ्याच दारात यावे म्हणून.

तो सांधा मी उजव्या चाकाला बसवला. आणि डावाही करून देतो म्हणालो. त्या वेळचे बोलणे मला जसेच्या तसे आठवते, कारण माझे पुढचे आयुष्य त्यावर उभे आहे.

‘भाऊसाहेब, दोन्ही सांधे एका वयाचे हायेत. डाव्यातही खेळ आला हाय.’ खेळ म्हणजे सैलपणा.

‘डावा आवाज करते काय?’

‘आज नाही करत. उद्या करीन.’

‘मंग उद्या पाहू. तो फ्रान्सचा हाय, मिस्त्री. एका अंगानं तरी गाडी असली राहू दे. सारीच तुह्या हातची झाली तं लोक म्हणतीन, भाऊसाहेब जिनात बनवलेली गाडी फिरवते.’

भोवतालचे चार लोक हसले. भाऊसाहेबांचा ड्रायव्हर तुळशीराम हसला नाही. सैलपणा त्याच्याही हाताला लागला होता. माझा सांधा त्यानंतर कापसाचे दोन हंगाम विनातक्रार चालला. या काळात भाऊसाहेबांनी तो पाहुण्यांना दाखवला नाही. डावा मात्र दाखवत. ‘हा पहा फ्रान्सचा.’

आता तो दिवस. पंचायत समित्या नव्याने आल्या होत्या. सभापतिपदासाठी भाऊसाहेब उभे होते आणि सदस्यांचे मतदान चिखलीला होते. मी सकाळीच त्यांच्या मळ्यावर गेलो होतो, सांध्यांना ग्रीस भरायला. काम आटोपल्यावर ते म्हणाले, चल आमच्यासोबतच. पाठीराखी माणसे घेऊन आम्ही निघालो. मळ्यापासून सडकेपर्यंत पांदण होती, म्हणजे दोन शेतांमधली बंडीवाट. रात्री पाऊस झाला होता. आमच्याकडची काळी माती ओली झाली की काय करते, हे जिल्ह्याबाहेरच्या माणसाला सांगून कळत नाही. सडक दिसू लागली होती, तेवढ्यात पुढची चाके जागच्या जागी फिरू लागली.

आमच्या भागात जीप फसली की एक रिवाज आहे: सगळ्यांनी मागे बसायचे. मागच्या चाकांवर वजन पडते, ती माती धरतात आणि जीप निघते. जीपसाठी ते बरोबर आहे. या गाडीसाठी ते नेमके उलटे होते, कारण मागे वजन टाकले की ओढणारी पुढची चाके हलकी होतात. मी खाली उतरून ओरडलो, ‘मागं कोणी बसू नका. दोघं-चौघं बॉनेटवर बसा. तुळशीराम, चाकं सरळ ठेव.’

बांधावर एक बंडी उभी होती. विरुद्ध पार्टीची माणसे तीत बसून तमाशा पाहत होती. त्यांच्यातला एक म्हणाला, ‘काऊन भाऊसाहेब, बैल सोडून देऊ का? फ्रान्सचे नाहीत, पण चिखलातून काढतीन!’

भाऊसाहेबांचा चेहरा तापला. ते माझ्याकडे वळले. ‘बॉनेटवर माणसं? ते पाहून राह्यले अन् मी माह्या गाडीवर माणसं लादू? गाडी हाय का खटारा हाय बे?’

‘भाऊसाहेब, बळ पुढं हाय हिचं.’

‘तुह्यं शास्तर वर्कशॉपात ठेव. मागं बसा रे सारे!’

माणसे डिक्कीवर चढली. तुळशीरामने माझ्याकडे पाहिले, मग मालकाकडे, आणि बाजूच्या गवताचा आधार मिळावा म्हणून स्टिअरिंग पूर्ण डावीकडे फिरवले. चाक असे पुरते वळलेले असताना सांधा सर्वांत जास्त वाकलेला असतो. तशा अवस्थेत त्याच्यावर जोर टाकू नये. तुळशीरामने ॲक्सिलरेटर दाबला. ओला बांबू फुटावा तसा आवाज झाला. इंजिन ओरडत राहिले आणि गाडी जागची हलली नाही. दोहोंपैकी एक सांधा तुटला की इंजिनाचे सारे बळ त्या तुटक्या बाजूने वाहून जाते. दुसरा धडधाकट असून उपयोग होत नाही.

मी चिखलात आडवा होऊन खाली पाहिले. मग उठून सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले, ‘डावा गेला.’

भाऊसाहेबांनी ते ऐकले. ते माझ्यापासून हातभर अंतरावर उभे होते. तुळशीरामनेही ऐकले.

बांधावरच्या माणसांचे हसणे आता थांबले होते. त्यांच्यातला म्हातारा खाली उतरला आणि म्हणाला, ‘भाऊसाहेब, थट्टा झाली, आता बंडीत बसा. सडकेवर सोडतो, तिथून लॉरी भेटते.’ तो मनापासून बोलत होता.

मी म्हणालो, ‘बसा भाऊसाहेब. वेळ हाय अजून.’

‘त्यायच्या बंडीत?’ एवढेच बोलून ते धोतर सावरत पायी निघाले. घोट्यापर्यंत चिखलात, एकेक पाय उपटत. लॉरी त्यांच्या डोळ्यांसमोरून गेली. ते चिखलीला पोचले तेव्हा मतदान उरकले होते आणि ते एका मताने पडले होते. न पडलेले एक मत कोणाचे, हे मी सांगण्याची गरज नाही; ते पडते तर निदान बरोबरी झाली असती.

संध्याकाळी पंचायत समितीसमोरच्या हॉटेलात त्यांनी पहिल्यांदा ते वाक्य उच्चारले: मिस्त्रीच्या सांध्याने घात केला. दुसऱ्या दिवशी त्याला शेपूट फुटले. विरुद्ध उमेदवाराची जीप माझ्या वर्कशॉपमध्ये दुरुस्त होत असे, हे लोकांना आठवले. तालुक्यातल्या साऱ्याच जीपा माझ्याकडे येत, हे मात्र कोणाला आठवले नाही. मी अमडापूरला गेलो. गाडी बैलांनी ओढून वाड्यात नेली होती. मला फाटकातच थांबवले. सांधा पाहू द्या म्हणालो, तर निरोप आला, ‘एकदा पाह्यला तेवढा पुरे.’

महिन्याभरात मोटारी येईनाशा झाल्या. पुढची सगळी वर्षे मी विहिरींवरची ऑइल इंजिने दुरुस्त केली. त्यात कमीपणा नाही. पण ज्याने मोटारीचा सांधा घडवला, त्याला मोटारवाल्यांनी दारात उभे करू नये, हे मला कधीच पचले नाही. माझ्या मुलीला पाहायला आलेल्या एका गृहस्थांनीही चहा पिता पिता विचारले होते, ‘ते गाडीचं प्रकरण तुमचंच ना?’ ते स्थळ तिथेच संपले.

तुळशीराम मला एकदा चिखलीच्या बाजारात भेटला.

‘खरं काऊन नाही सांगत?’ मी विचारले.

तो हातातल्या वांग्यांकडे पाहत राहिला. ‘मिस्त्री, तुमचं खरं हाय. पण मले त्यायच्याच घरचं खा लागते.’

मी त्याला दोष देत नाही, असे म्हणायची पद्धत आहे. मी देतो. त्याचे घर चालले आणि माझे नाव गेले. भाऊसाहेबांना त्याहून अधिक देतो, कारण त्यांना काही खायची भ्रांत नव्हती. त्यांना फक्त एवढेच कबूल करायचे होते, की फ्रान्सचा सांधा मोडला आणि खामगावच्या जिनात घडलेला टिकला. ते त्यांच्याने झाले नाही. या धंद्यात मला मिळालेला धडा एवढाच: गिऱ्हाईक अर्धे काम करू देत असेल तर काम घेऊ नये. उरलेले अर्धे मोडते, आणि मोडल्यावर ते तुमचे होते.

शताब्दीच्या समारंभात ती गाडी पुन्हा रंगवून, हार घालून, सिमेंटच्या ओट्यावर मांडली होती. मी बोलावणे नसताना गेलो. सोबत टॉर्च नेला होता. या वयात जमिनीवर आडवे होणे सोपे नाही. लोकांना वाटले म्हातारा पडला. नातू धावत आले.

‘आजोबा, काय करताय? हात लावू नका, रंग ओला आहे.’

‘रंगाले नाही लावत,’ मी म्हणालो. ‘तुम्हीही वाका थोडे, प्राध्यापक. तुमच्या स्मरणिकेत लिहिलं हाय ना, मोडलेला सांधा काढून मुंबईले पाठवला?’

‘हो. मग?’

‘अन् परत आला नाही?’

‘नाही आला. पण हे आत्ता कशाला?’

त्यांनी वाकून पाहिले नाही. पाहुणे आले होते. म्हणून ते काम मी इथे वाचकांना सांगतो. ओटा उंच आहे, फार वाकावे लागत नाही. गाडीच्या डाव्या चाकामागे सांध्याची जागा रिकामी आहे. उजव्या चाकामागे सांधा जागच्या जागी, अखंड आहे, आणि बोटाने ग्रीस पुसले की त्यावर तीन ठिपके दिसतात.