ती फाईल मी उघडली न्हाई

कोरा कागद माझ्यापुढं सरकवत साहेब म्हणले, "लिही. माझ्या हलगर्जीपणामुळं कंपनीचं नुकसान झालं. खाली सही कर."

हापिसातले सगळे उभे व्हते. मालक खुर्चीत. साहेब मालकाकडं वळले. आवाज हळू, पण मला ऐकू येईल एवढा. "यांना कंप्युटरवर बसवलं की असंच होणार."

यांना म्हणजे कुणाला? कुणीच विचारलं न्हाई. सगळ्यांना बराबर समजलं.

मी आष्टीची. आमच्या बौद्ध वस्तीतून जालना शहरात येऊन बियाण्याच्या कंपनीत टेबलखुर्चीचं काम करणारी मी पहिलीच. साहेबांनीच मला घेतल्तं. "तू मला लेकीसारखी," म्हणायचे. माझ्या लग्नात मांडवात बसून जेवले. चार वर्षं त्यांचे मेल मी वाचले, उत्तरं मी लिहिली. खाली नाव त्यांचं. मला त्याचं काही वाटलं न्हाई. लेक म्हणले व्हते ना.

आदल्या दिवशी सकाळी एक मेल आल्ता. 'आपला बियाणे परवाना रद्द होत आहे. सोबतची नोटीस उघडून दोन तासांत उत्तर द्या.' मला खटकलं. परवान्याच्या हापिसाचा पत्ता मला तोंडपाठ. ह्याच्यात एक अक्षर जास्तीचं व्हतं. कंपनीचं नाव कुठंच न्हाई, नुसतं 'प्रिय ग्राहक'. जोडलेल्या फाईलच्या नावात पीडीएफ लिहिलं व्हतं, पण नावाचा शेवट भलताच. तो कागद नव्हताच. उघडला की कंप्युटरमध्ये घुसणारा प्रोग्राम व्हता.

मी केबिनमध्ये गेले. "साहेब, हे फसवं हाय. उघडू नका. त्या हापिसात फोन करून विचारू."

ते उठून माझ्या टेबलाकडं आले. "परवाना गेला तर तू आणून देणार का? आता तू शिकवणार आम्हाला? हो बाजूला."

माझ्या खुर्चीत बसले. त्यांनीच क्लिक केलं.

शेजारच्या टेबलावर सुनंदाताई व्हत्या. आम्ही दोघी एका डब्यातलं खायचो. त्या हळूच म्हणल्या, "अगं, तू तर सांगून राह्यली व्हती त्यांना."

दुपारपर्यंत हापिसातली एकबी फाईल उघडेना. कोणतं बियाणं किती उगवलं, शेतकऱ्यांच्या तक्रारी काय आल्या, सगळं बंद. पडद्यावर नुसती धमकी. पैसे द्या, मंग उघडू.

आणि आज हा कागद.

साहेबांनी पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. "सही कर बेटा. मी सांभाळून घेईन."

बेटा!

मी सुनंदाताईकडं पाह्यलं. त्या पदर नीट करत राह्यल्या. तो नीटच व्हता.

मी कागद जवळ ओढला. चार वर्षं काम माझं आणि नाव त्यांचं. आता चूक त्यांची, तर नाव माझं पाहिजे. लेकीसारखी म्हणजे काय, ते मला तिथं उभ्या उभ्या कळलं.

मी लिहिलं. मेल कधी आला. मी काय सांगितलं. साहेब काय म्हणले. खुर्चीत कोण बसलं, क्लिक कुणी केलं. आणि आज सगळ्यांसमोर 'यांना' म्हणले, तेबी लिहिलं. खाली पूर्ण नाव, सही. कागद मालकापुढं ठेवला.

"ह्याची पोच द्या," मी म्हणले.

मालकांनी वाचलं. दोनदा वाचलं. साहेबांकडं एकदाबी न बघता मला म्हणले, "उद्यापासून येऊ नको."

पोच दिली न्हाई. मी त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला आणि बाहेर पडले.

संध्याकाळी सुनंदाताईचा फोन आला. रडत व्हत्या. "मला लेकरं हायेत गं."

"मलाबी एक हाय," मी म्हणले. फोन ठेवला. पुन्हा त्यांचा फोन उचलला न्हाई.

महिन्यानं दुसऱ्या कंपनीत मुलाखतीला बोलावलं. आईनं निघताना बजावलं, "आजारी व्हते म्हणून सांग. खरं बोलशील तर कोण घेईल?"

तिथल्या बाईंनी विचारलंच, "आधीचं काम का सुटलं?"

जे झालं ते सांगितलं. साहेबांच्या तोंडचा 'यांना' हा शब्दबी सांगितला. बाईंनी माझी फाईल मिटली. "कळवू," म्हणल्या. कळवलं न्हाई.

परवा तिसऱ्या ठिकाणी जायचंय. तिथंबी विचारतील. तिथंबी हेच सांगणार.