टरफलांचा बर्फ

मुलांनो, परवा व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीच्या मागे भिंतीवर त्या दोन लांब फळ्या कसल्या? तुमच्याकडे आता बर्फ पडू लागला आहे, तेव्हा सांगूनच टाकते.

देवाने पाणी आणि बर्फ एकाच माणसासाठी निर्माण केले असावेत, आणि तो माणूस म्हणजे माझे धाकटे दीर. औरादमध्ये विहिरीपलीकडे पाणी न पाहिलेले हे गृहस्थ फौजेत गेले आणि शर्यतीच्या नावा वल्हवू लागले. वल्हवणारा जायच्या दिशेला पाठ करून बसतो. ही सवय त्यांच्यात इतकी मुरली की रजेवर आले की जीपमध्येही उलटे बसत. मी विचारलं, "भावजी, घेरी येत नाही का?"

"आलेली वाट दिसायलीय की, वैनी. पुढचं बघायला डायवर हाय!"

पुढे त्यांचा खांदा निखळला आणि नाव सुटली. साहेब म्हणाले, महिन्याभराने बर्फावरून घसरण्याची चाचणी दे, नाहीतर कायमचा भांडारात बस. बसणं म्हणजे त्यांना मरणच. ते रजा घेऊन घरी आले, सुताराकडून या फळ्या करून घेतल्या आणि बर्फ म्हणून निवडला आमच्या डाळमिलच्या आवारातला तुरीचा ढीग!

सासूबाई धावल्या. "आरं, लक्ष्मीवर पाय द्यायलास व्हय? फौजेत हेच शिकवलं का रं?"

सहा फुटी जवान खाली उतरला, तुरीला हात लावून कपाळाला लावला. "चुकलं, आई. पण मग बर्फ कुठनं आणू?"

दुसऱ्या दिवशी सकाळी पाहते तर मिलमागच्या मुरमाड उतारावर सासूबाई स्वतः टोपलीने तुरीची टरफलं पसरत होत्या. महिनाभर रोज. दीर घसरत, सवयीने मान मागे वळवत आणि आडवे होत. वरून सासूबाई ओरडत, "पुढं बघ रं! मागं मी हाय न्हवं!"

ते चाचणीत पास झाले. काही वर्षांनी काश्मीरमध्ये मी त्यांना पाहिलं. एवढा थोरला पांढरा डोंगर, त्यावर एक काळा ठिपका, आणि तो ठिपका सरळ समोर बघत वाऱ्यासारखा खाली येत होता. हातातला चहा साडीवर सांडला, ते मला हॉटेलात परतल्यावर कळलं.

सासूबाई गेल्या, मिल बंद झाली. दीर नौबादला राहतात. गुडघे कुरकुरतात. रिक्षात बसताना ते आता पुन्हा चालकाकडे पाठ करून बसतात. मी कारण विचारत नाही.

फळ्या माझ्याकडे आहेत. पाय अडकवायच्या चामडी पट्ट्यांखाली तुरीची चार टरफलं अजून आहेत.