कडीवरचा हात

फोन आला तेव्हा माझी बस दर्यापूरच्या स्टँडवर उभी होती. अकोटहून दर रविवारी मी अमरावतीला जायची, बाबांना आणि प्रमोदला भेटायला. ड्रायव्हर चहाला उतरला होता. फोनवर बाबांच्या शेजारच्या राऊतकाकूंनी विचारलं, "ताई, कुठलोक आल्या?" दर्यापूर म्हटल्यावर त्या म्हणाल्या, "प्रमोद गेला बाप्पा. बसल्या जागी गेला." मी खिडकीशी, शेजारी मांडीवर पोतं घेतलेला माणूस, मधल्या वाटेत गर्दी. उतरता येईना आणि बस हलेना. आज दीड महिना झाला, तरी मी अजून त्याच सीटवर बसलेली आहे असं वाटतं.

प्रमोद माझा धाकटा भाऊ, बाबांचा पम्या. लोक म्हणायचे, कार्टून काढतो. तो म्हणायचा, "मी फकस्त मधातलं काढतो." म्हणजे असं की, टीव्हीवरच्या कार्टूनमधल्या पोराने हात वर करायचा असेल, तर खालचा हात आणि वर गेलेला हात अशी दोन चित्रं कुणी मोठा चित्रकार काढतो. त्यांच्या मधली दहा-बारा प्रमोदसारख्यांनी काढायची. सुरुवात दुसऱ्याची, शेवटही दुसऱ्याचा. खिडकीची जुनी काच चार विटांवर ठेवून त्याने खाली दिवा बसवला होता. कागदावर कागद ठेवला की खालची रेघ वर दिसायची. काढलेलं तो कॉम्प्युटरवरून मुंबईच्या एका कंपनीला पाठवायचा.

तीन वर्षांपूर्वी बाबांची उजवी बाजू गेली आणि त्याच हिवाळ्यात प्रमोदला हैदराबादहून बोलावणं आलं. तिथे पहिलं आणि शेवटचं चित्र तोच काढणार होता. आठवडाभर स्वारी हवेत होती. मग मला म्हणाला, "ताई, मी जातो म्हणतो." मी ताडकन विचारलं, "आन् बाबाले कोन पाहीन?" आई कधीच गेलेली, माझी शाळा आणि संसार अकोटला. त्यात चुकीचं काही बोलले असं मला आजही वाटत नाही. पण पुढचं वाक्य आता परत घ्यावंसं वाटतं. "एक वर्ष थांब. मी बदली मांगतो अमरावतीले. मंग तू खुशाल जा." त्याने भरलेली बॅग रिकामी करून कपाटावर टाकली.

ॲनिमेशनच्या इतिहासात त्या वर्षाबद्दल काय लिहिलं जाईल ते मला ठाऊक नाही. आमच्या घरात ते एका संत्र्यापायी लक्षात राहिलं. एका मालिकेत मुलगी झाडावरचं संत्रं तोडते असा प्रसंग होता. आलेल्या दोन चित्रांत संत्रं आधी फांदीवर, मग हातात. प्रमोदने मधल्या चित्रांत मनगटाला गिरकी दिली. कंपनीने परत पाठवलं, सरळ ओढून दाखवा म्हणून. पठ्ठ्याने पुन्हा गिरकीच पाठवली. तीनदा परत आलं. बाबांचा जन्म बागांमधून तोडणी करून घेण्यात गेलेला. खाटेवरून, वाकड्या तोंडाने, तेही भांडणात उतरले, "ओढलं त देठापाशी फाटते. सडते मंग." मी म्हटलं, "कार्टूनातलं संत्र कुठं सडते बाप्पा?" प्रमोद हसला नाही. "माह्या हातानं ओढल्या जात नाई, ताई." शेवटी ओढलंच त्याने. टीव्हीवर ते पापणी लवायच्या आत संपलं. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

दिवाळीत त्याने एकदाच विचारलं, "अर्जाचं काय झालं?"

"पाहून राहिलो ना," मी म्हटलं.

अर्ज मी भरलाच नव्हता. मुलीची दहावी, सासूबाईंचे गुडघे... कारणांना काय तोटा! खरं सांगायचं तर प्रमोद तिथे होता म्हणून मी मोकळी होते, आणि ते मोकळेपण मला सोडवत नव्हतं. वर्ष सरता सरता मधली चित्रं कॉम्प्युटरच भरू लागला. मुंबईचं काम थांबलं, हैदराबादवाल्यांनीही फोन उचलणं सोडलं. प्रमोद एका फ्लेक्सच्या दुकानात वाढदिवसाचे बोर्ड करायला लागला. मला कधी टोचून बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

तेरवी झाल्यावर मी बदलीचा अर्ज भरला. एका पानाचा होता, दहा मिनिटं लागली. सध्या रजा टाकून बाबांजवळ मीच राहते आहे. त्याचं टेबल आवरताना काचेजवळ कागदांचा एक गठ्ठा मिळाला. पहिलं, शेवटचं, मधलं, सगळं त्याचंच. अंगठ्याने पानं भरभर सोडली की खुर्चीतला माणूस उठतो, दारापर्यंत जातो, कडीवर हात ठेवतो, वळतो आणि परत येऊन बसतो. शेवटचं पान पहिल्याला बरोब्बर जुळतं. पुन्हा पानं सोडली की पुन्हा उठतो.

परवा दुपारी मी परत येण्याची सगळी पानं काढून वेगळी ठेवली. वाटलं, आता तरी जाईल. पण कडीवरच्या हातापुढचं पान त्याने काढलंच नव्हतं. मग काचेखालचा दिवा लावला, त्या पानावर कोरा कागद ठेवला. कडी धरलेला हात वर उमटला. मी पेन्सिल घेऊन त्याच्या खुर्चीत कितीतरी वेळ बसले... दार उघडतं कसं, ते काही मला काढता येईना.

आतून बाबांनी हाक मारली, "पम्या..."

"आलो, बाबा," म्हणत मी खुर्चीतून उठले.