फाल्गुनातली जळू

आमच्या घरात पुरुषांनी स्वतःचं धोतर धुण्याची पद्धत नव्हती. त्यांनी ते काढून दोरीवर टाकायचं, पुढचं बायकांनी बघायचं. त्यामुळे माझे यजमान सकाळी तळ्यावर आपलं धोतर आपणच धुऊन, पिळून खांद्यावर टाकून यायला लागले, तेव्हा आळीला चांगलाच विषय मिळाला.

"काय खाऊ घातलंस वं भाऊजीले?" मोठी जाऊ विचारायची. "आमचे तं पाण्याचा गडवाही उचलत नाहीत."

मी वरवर लाजायची आणि आतून फुलून जायची. इतक्या वर्षांनी का होईना, नवऱ्याला माझे दुखणारे हात दिसले, असं मला वाटे. आता ते आठवलं की माझं मलाच हसू येतं.

त्याच्या थोडं आधी, धानाच्या रोवण्याच्या दिवसांत, मला त्यांच्या धोतराला मागून रक्ताचा डाग दिसला होता. "जळू लागली असन," ते म्हणाले. मला ते पटलं. रोवणीत दिवसभर शेतातल्या बांधीच्या चिखलपाण्यात उभं राहायचं, जळू लागणारच, आणि ती सुटली तरी रक्त बराच वेळ गळत राहतं. मी हळद आणली. कुठे लागली ते दाखवा म्हटलं, तर "लावतो मी" म्हणत वाटी घेऊन न्हाणीत गेले. त्यानंतर लवकरच त्यांना धोतर धुण्याचा उमाळा आला.

दिवाळी झाली, धान घरात आलं, थंडी सरली. फाल्गुनातल्या एका दुपारी मी ओसरीवर तांदूळ पाखडत होते. ते खाटेवरून उठले, वळले, आणि मागे तोच डाग. मी सूप खाली ठेवलं.

"धान कापून कवाचं झालं. बांधीत भेगा पडल्या. आता कोठची जळू लागली तुमाले?"

ते परत खाटेवर बसले.

"बाबालेही असंच झालतं," म्हणाले.

सासऱ्यांना मी पाहिलेलं नाही. मूळव्याध आहे, उष्णता आहे, असं म्हणत घरच्यांनी त्यांचं तिखट बंद केलं, ताक पाजलं, झाडपाला दिला. माणूस वाळत गेला. दवाखान्यात नेलं तेव्हा आतड्याचा कॅन्सर निघाला, आणि फार उशीर झाला होता. यांनीच बापाला पाठीवर घेऊन बैलगाडीत बसवलं होतं. तेव्हापासून ती भीती त्यांच्या मनात बसलेली.

"डाक्टरनं पाह्यलं तं तोही तेच सांगन," ते म्हणाले. "म्हणून गेलो नाही."

मला इतका राग आला की रडूच फुटलं. "आन मी? तुमी गेल्यावर मले कोण सांगन, काय झालतं म्हणून?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एसटीने आम्ही साकोलीला गेलो. डॉक्टर वयस्कर होते, घाई नव्हती त्यांना. रक्त लालभडक की काळं? वरून थेंब पडतात की शौचात मिसळून येतं? दुखतं का? शौचाला कधी घट्ट, कधी पातळ असं होतं का? वजन उतरलं? यजमान टेबलाकडे पाहत पुटपुटत होते. डागाचं मी सांगितलं. सदरे सैल झाले तेही मीच सांगितलं. बापाचं मात्र त्यांनी स्वतः सांगितलं.

डॉक्टरांनी पडद्यामागे नेऊन बोटाने तपासलं. बाहेर आल्यावर म्हणाले, "बहुतेकांना मूळव्याध असते, नाहीतर शौचाची जागा चिरलेली असते. त्याला घाबरायचं नाही. पण पाहिल्याशिवाय मूळव्याध म्हणायचं नाही. तुम्ही चाळिशी ओलांडलेली, इतके महिने रक्त जातंय, वजन उतरलंय, वर वडिलांचं तसं. आतून नळीने पाहावंच लागेल." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "डांबरासारखं काळं झालं, किंवा खूप रक्त जाऊन चक्कर आली, तर घरी थांबायचं नाही. तसंच उचलून दवाखान्यात आणायचं."

नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात नळीने पाहिलं तेव्हा आतड्यात एक छोटी गाठ सापडली. खालीच होती, पोट न फाडता काढता आली. तपासणीत ती साधी निघाली. तशीच राहू दिली असती तर तिचा कॅन्सर होऊ शकला असता, असं तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं, आणि तपासणीला परत येत राहायला बजावलं. परतीच्या एसटीत हे खिडकीला डोकं टेकून झोपले. मी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लोक बघत होते तरी काढला नाही.

पुढच्या रोवण्यात मी बायकांसोबत वाकून परे, म्हणजे धानाची रोपं, लावत होते. पलीकडच्या बांधीतून यांनी मला मोठ्याने हाक मारली. चारचौघांत बायकोला हाक मारणारे हे गृहस्थ नव्हेत. मी हातातली जुडी तिथेच टाकून चिखल तुडवत गेले. ते शेताच्या धुऱ्यावर बसले होते, धोतर मांडीपर्यंत वर घेतलेलं, त्याला रक्त लागलेलं. मांडीवर एक जळू चांगली टम्म फुगून चिकटली होती.

"काढा ना तिले," मी म्हटलं.

"काढली नाही," ते म्हणाले. "तुले दाखवाची होती."