काचेच्या कपाटातली बाहुली

जालन्यातल्या एका दवाखान्यात २००३ साली नवजात बाळांसाठी दोन श्वासयंत्रं आली आणि सोबत एक रबरी बाहुली. श्वासनळीत घातलेल्या नळीतून कफ कसा ओढायचा, हे नर्सांनी तिच्यावर शिकावं, असा देणगीदारांचा भाबडा समज होता. संचालक अण्णासाहेबांनी तिला हार घालून आपल्या दालनाबाहेरच्या काचेच्या कपाटात बसवलं आणि किल्ली खिशात टाकली. पाहुणे आले की तिचं दर्शन घडवलं जाई.

नव्या पोरींना शिकवायचं काम मस्तगडच्या तारा सिस्टरकडे. वीस वर्षं ती बाळांच्याच वार्डात होती. किल्ली मागायला ती तीनदा गेली.

"साहेब, पोरींचा हात बसायला पाहिजे."

"खराब होईल ना, सिस्टर. फॉरेनचा माल आहे."

"मग हात बसवू कशावर?"

"वार्डात बाळं आहेत की."

तारा वार्डात परतली आणि पुन्हा तोंडीच शिकवायला लागली. कफ ओढायची बारीक नळी मापाबाहेर आत घालायची नाही. आत जाताना ओढ बंद, बाहेर येताना सुरू. दहा मोजायच्या आत बाहेर. पोरी सुवाच्य अक्षरात उतरवून घेत. वहीला घसा नव्हता, एवढीच अडचण.

मग टेंभुर्णीच्या पुष्पाबाईचं सातव्या महिन्यातच जन्मलेलं बाळ यंत्रावर आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी कौसल्या नावाच्या नव्या नर्सनं बारीक नळी बोटभर जास्त आत घातली. बाळ निळं पडलं, ठोके मंदावले. तारा धावली, नळी खेचून काढली, हातानं दाबायच्या रबरी फुग्यानं श्वास देत राहिली. रंग परतला. नळीच्या टोकाला रक्त होतं.

"मी बराबर मोजलं होतं, सिस्टर. हाताला कळलंच न्हाई," कौसल्या रडायला लागली.

"कळंल कसं? कळायची वस्तू हार घालून बसून राह्यली!"

या वेळी तारानं किल्ली मागितली नाही. सलाईनचा स्टँड उचलून नेला आणि काच फोडली. काचा स्वतः झाडून भरल्या, हार काढला, बाहुली वार्डात आणली.

"घाल नळी. चुकली तर परत घाल."

संध्याकाळी नोटीस आली: संस्थेच्या मालमत्तेचं नुकसान का केलं?

तारानं खुलासा लिहिला: "बाहुली खराब झाली आहे. कौसल्याने ती चाळीस वेळा खराब केली. त्यानंतर तिने पुष्पाबाईंच्या बाळाचा कफ काढला. बाळ खराब झाले नाही."

तिची वेतनवाढ रोखली गेली. कपाटाला नवी काच बसली. आत ठेवायला काही नव्हतं. बाहुली तारानं परत दिलीच नाही.